कुंकू जरा डावीकडे

बरेच महिने झाले इथे काही लिहून. मध्यंतरी दोन-चार जणांनी विचारलंही की संन्यास घेतलास का म्हणून. संन्यास वगैरे काही नाही, घरात एक मोठं प्रकरण होऊन गेलं आणि त्यावर लिहायचं की नाही हेच ठरत नव्हतं.

मागच्या महिन्यात मंचरला एका लग्नात किमान अकरा जणांनी मला विचारलं, "सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं ना गं?" मी प्रत्येकाला सांगत होते की डोळ्याचं नाही, डोळ्याभोवती दुखायचं, म्हणून कानामागून कवटीत भोक पाडून ऑपरेशन केलं. यावर समोरचा माणूस आधी माझ्याकडे, मग पंगतीत बसून मजेत जिलबी खाणाऱ्या आईंकडे बघायचा आणि विषय बदलायचा. म्हटलं, आता एकदाच सगळं लिहून काढू. आईंना विचारूनच लिहितेय. "लिही, पण माझा फोटो टाकू नको" एवढीच त्यांची अट आहे.

तर सुरुवात २०२१च्या दिवाळीनंतरची. आम्ही राजगुरुनगरला राहतो (माझे सासरे, म्हणजे दादा, अजूनही 'खेड'च म्हणतात). मी आणि नवरा दोघंही चाकणला कामाला. सकाळी साडेसातला घर सोडायचं आणि संध्याकाळी तळेगाव चौकातला ट्रॅफिक सोडेल तेव्हा परत यायचं. दिवसभर घरी आई आणि दादा. त्यामुळे आईंना नक्की कधीपासून दुखायला लागलं हे आम्हाला सांगता येत नाही. त्या अंगणात झाडत होत्या, चासकमानच्या बाजूनं गार वारा आला आणि उजव्या भुवईत "वीज चमकल्यावानी" कळ आली, एवढं त्यांना आठवतं. दोन-तीन सेकंदांत थांबली. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. कळ आली आणि गेली, सांगायचं काय?

मग ती रोज यायला लागली. भुवईच्या आतल्या टोकाला, डोळ्याच्या वर, कधी डोळ्याखाली नाकाच्या कडेला. तोंड धुताना, केस विंचरताना, कधी नुसतं बोलताना.

आता आम्ही याचा काय अर्थ लावला ते सांगते, कारण खरं लिहायचं तर हेच लिहायला हवं.

२०२२च्या जानेवारीत करोनाची तिसरी लाट होती आणि आई मास्क लावत नव्हत्या. लावला की नाकाच्या कडेला घासायचा आणि कळ यायची. आम्ही म्हणायचो, काय हा हट्टीपणा! त्या जेवताना बोलेनाशा झाल्या. मी समजले की माझ्यावर राग आहे. त्या तोंड धुवायचं टाळायला लागल्या, नुसता ओला पंचा डाव्या गालावर फिरवायच्या. नवरा म्हणाला, वय झालं. नणंद नाशिकहून आली, म्हणाली आईला एकटं वाटतंय, तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. म्हणजे फिरून गाडी माझ्याच नोकरीवर. मग माझं तिच्याशी वाजलं. या सगळ्या गदारोळात आईंना दुखतंय हे आई सोडून सगळे विसरले.

नाही, डॉक्टर केले आम्ही. तसं कोणी म्हणायला नको. डोळ्याभोवती दुखतं म्हटल्यावर साहजिकच आधी डोळ्यांचे. दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे सगळ्यांचा संशय त्यावरच. डोळ्यातला दाब मोजला, पडदा तपासला. डोळा ठणठणीत. मग सायनस म्हणून एक्स-रे. मग अर्धशिशी म्हणून गोळ्या, आणि मावशींच्या सांगण्यावरून सूर्य उगवायच्या आत गरम जिलबी आणि दूध. (या उपायानं दादांचं वजन वाढलं, कारण आईंना चावताना दुखायचं.) मग वरच्या दाढेत कळ येते म्हणून दातांचे डॉक्टर. दाढ काढून टाका असा हट्ट आईंनीच धरला. दाढ गेली आणि कळ राहिली.

प्रत्येक ठिकाणी रिपोर्ट नॉर्मल. आणि आपल्याकडे रिपोर्ट नॉर्मल आला की माणूसही नॉर्मल असलाच पाहिजे असं धरतात. बाहेरून काही दिसत नव्हतं. सूज नाही, लाली नाही, ताप नाही. एकदा आई दादांना म्हणाल्या, "देवानं उचललं तर बरं." दादा नुसते खाटेवर बसून राहिले. मी आत भाजी चिरत होते. ऐकलं, पण बाहेर आले नाही. ते मला अजून टोचतं.

डिसेंबर २०२२मध्ये दादांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. त्यांना फोटोंचा अल्बम करून द्यायचा ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. एका रविवारी मी मोबाईलमधले फोटो तारखेप्रमाणे लावत बसले होते. २०२१चा पाडवा: आई दादांना ओवाळतायत, कपाळावर मधोमध कुंकू, नेहमीसारखं ठसठशीत. २०२२ची संक्रांत, घरचं हळदीकुंकू: कुंकू जरा डावीकडे. अक्षय्य तृतीया: आणखी डावीकडे, जवळजवळ डाव्या भुवईवर. गणपतीत टिकलीएवढा ठिपका. नवरात्रात काहीच नाही.

मी ते पाच फोटो ओळीनं लावले आणि बघत बसले. दादा हयात असताना आई कुंकू लावत नव्हत्या. सणाला आलेल्या बायकांनी नक्की कुजबूज केली असणार. आणि एकाच घरात राहून मला ते दिसलं नव्हतं.

नाही, दिसलं होतं. संक्रांतीचा दिवस लख्ख आठवला. बायका यायला लागल्या होत्या आणि मी घाईत म्हटलं, "आई, कुंकू तिरकं झालंय." एवढं म्हणून मी स्वतःच बोट पुढे करून ते नीट करायला गेले. आईंनी माझा हात असा काही झटकला की करंडा खाली पडला. चार बायकांदेखत. मी त्यानंतर कित्येक आठवडे त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते.

मी फोटो घेऊन आईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मधी बोट लागलं की मस्तकात जातं बघ. म्हणून बाजूला लावायचे. मग तिकडंबी पोचायला लागलं."

त्याच आठवड्यात आम्ही पुण्याला मेंदूविकार तज्ज्ञांकडे गेलो. मी रिपोर्टांची जाडजूड फाईल पुढे केली, ती त्यांनी बाजूला ठेवली आणि आईंना विचारायला सुरुवात केली. कळ किती वेळ टिकते, सेकंद की तास? दोन कळांच्या मध्ये काय असतं? डोळा लाल होतो का, पाणी येतं का? कपाळावर कधी नागीण उठली होती का? झोपेत दुखतं का? वारा लागला तर? हा शेवटचा प्रश्न आला आणि आई रडायला लागल्या. वर्षभरात हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आम्हीही नाही.

नाव कळलं: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी पाचवी नस असते. तिला तीन फांद्या: एक कपाळ आणि डोळ्याकडे, एक गाल आणि वरच्या दातांकडे, एक खालच्या जबड्याकडे. बहुतेकांना हे दुखणं गालात आणि जबड्यात होतं, म्हणून बिचाऱ्यांच्या दाढा जातात. वरच्या फांदीत होणारे कमी, म्हणून आमचा फेरा डोळ्यांच्या दवाखान्यातून गेला. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. वय वाढतं तशा रक्तवाहिन्या लांबतात, वळसे घेतात. एखादी वाहिनी मेंदूच्या बुंध्याजवळ या नसेला टेकते आणि प्रत्येक ठोक्याला तिच्यावर आपटत राहते. नसेवरचं आवरण झिजतं. वायरचं प्लॅस्टिक निघालं की जे होतं तेच. मग नुसता वारा लागला तरी मेंदूला वीज पडल्याचा निरोप जातो. डोळा बिचारा निर्दोष, भानगड खूप आत कानामागे.

हा आजार काही नवा नाही. फ्रान्समध्ये निकोला आंद्रे यांनी १७५६मध्ये आणि इंग्लंडमध्ये जॉन फॉदरगिल यांनी १७७३मध्ये याचं वर्णन करून ठेवलंय. आपल्या सलमान खाननंही आपल्याला हाच त्रास असल्याचं २०११मध्ये जाहीर सांगितलं आणि उपचारांसाठी तो अमेरिकेला गेला. हे ऐकून आई म्हणाल्या, "त्याला पण? अगं बाई, बिचारा." त्यानंतर टीव्हीवर तो आला की त्या आपुलकीनं बघतात.

कार्बामाझेपिन नावाची गोळी सुरू झाली. हे मुळात फिट्सचं औषध, पण १९६२पासून या दुखण्यावर वापरतात. तिसऱ्या दिवशी आईंनी तोंड धुतलं. पाण्याचे हबके मारून! आम्ही सगळे मोरीच्या दाराशी उभं राहून बघत होतो. डॉक्टर म्हणालेच होते की ही गोळी लागू पडली तर निदान बरोबर.

तिथेच संपलं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. सहा-सात महिन्यांनी गोळी पुरेनाशी झाली. डोस वाढवला. आई दिवसभर पेंगायला लागल्या, चालताना भिंत धरायला लागल्या, एकदा दुधात मीठ घातलं. २०२३च्या ऑगस्टमध्ये त्या पहाटे न्हाणीघरात पडल्या. रक्त तपासलं तर सोडियम फार खाली गेलेलं. या औषधानं तसं होऊ शकतं. चार दिवस दवाखान्यात. गोळी बदलली, डोस कमी केला, आणि कळ परत आली. म्हणजे एकतर शुद्धीत राहून दुखणं सोसायचं, नाहीतर दुखणं थांबवून गुंगीत राहायचं.

तेव्हा डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढला.

'मेंदूचं ऑपरेशन' हे दोन शब्द फोनवरून फिरले आणि आमच्याकडे नातेवाइकांची रीघ लागली. निम्म्यांचं म्हणणं, सहासष्टाव्या वर्षी कशाला जिवाशी खेळ? बाकीच्यांना कोणीतरी एक माहीत होतं, जो टेबलावरून उठलाच नाही. नणंद फोनवर म्हणाली, "दुखण्यानं कोणी मरत नाही वहिनी, ऑपरेशननं मरतं." मला राग आला, पण रात्री झोप लागेना. तिची आई आहे ती. उद्या काही झालं तर?

आम्ही सर्जनकडे प्रश्नांची यादी करून गेलो. त्यांनी पर्याय सांगितले. एक, गालातून सुई घालून नसेचा काही भाग उष्णतेनं, औषधानं किंवा लहानशा फुग्यानं दाबून बधिर करायचा. कवटी उघडावी लागत नाही, म्हाताऱ्या किंवा आजारी माणसाला हे बरं. दोन, गॅमा नाइफ. त्यात सुरी नसते, किरणांचा मारा असतो, आणि गुण यायला आठवडे-महिने लागतात. तीन, कानामागे कवटीला छोटं भोक पाडून, मायक्रोस्कोपखाली ती रक्तवाहिनी नसेपासून सोडवायची आणि मध्ये टेफ्लॉनचा कापसासारखा तुकडा ठेवायचा. यात नस तोडायची किंवा जाळायची नाही.

मला सुईचं बरं वाटलं होतं, खरं सांगते. सर्जन म्हणाले, दुखणं जबड्यात असतं तर मीही तसा विचार केला असता. पण यांचं दुखणं डोळ्याच्या फांदीत आहे. ती बधिर केली तर बुबुळही बधिर होऊ शकतं. मग डोळ्यात कण गेला तरी कळत नाही, पापणी वेळेवर मिटत नाही, आणि जखम होऊन डोळा जाऊ शकतो. हायवेच्या काठावरचं आमचं गाव, उन्हाळ्यातली धूळ आणि आईंची झाडझूड आठवली आणि मी यादीवरचं ते नाव खोडलं.

पीटर जॅनेटा नावाच्या अमेरिकन सर्जननं १९६०च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी ही नस सोडवून दाखवत असताना तो या विचाराकडे वळला. नसेला रक्तवाहिनी टेकलेली असते हे वॉल्टर डँडीनं १९३०च्या दशकातच पाहून ठेवलं होतं, पण आत शिरून ती अलगद बाजूला करायला मायक्रोस्कोप लागला. जॅनेटाच्या गटानं १९९६मध्ये ११८५ रुग्णांचा हिशेब छापला. दहा वर्षांनंतरही ७० टक्के लोक गोळीशिवाय आणि दुखण्याशिवाय होते. दोघांचा मृत्यू झाला होता आणि सुमारे एक टक्का लोकांचं त्या बाजूच्या कानाचं ऐकणं गेलं होतं. सर्जननी चांगले आकडे सांगितले तसे हेही सांगितले.

मी हे सगळं आईंना समजावून सांगितलं. नातेवाईक, आकडे, नणंदेची भीती, सगळं. नवरा आणि दादा गप्प. आईंनी एकच विचारलं, "त्यानंतर वारा लागला तर?" मी म्हटलं, बहुतेक काही होणार नाही. "मग करू," त्या म्हणाल्या. दोन वर्षं आम्ही त्यांच्या वतीनं ठरवत होतो आणि त्यांना ठरवायला एक मिनिट लागलं.

जानेवारी २०२४मध्ये ऑपरेशन झालं. पहाटे चारला निघालो, चाकण-मोशी-भोसरी रस्ता पहिल्यांदाच मोकळा बघितला. कानामागचे थोडे केस काढले, त्याचंच आईंना जास्त वाईट वाटत होतं. साडेतीन तास लागले. नणंद माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. आम्ही एक अक्षर बोललो नाही, पण चहा एकाच कपातून प्यायलो. बाहेर येऊन सर्जननी कागदावर चित्र काढून दाखवलं. लहान मेंदूकडे जाणाऱ्या एका धमनीचा वळसा नसेत रुतून बसला होता. भोक जुन्या रुपयाएवढं.

नंतरचे काही दिवस सोपे नव्हते, ज्यांना हे करायचं असेल त्यांनी तयारी ठेवावी. उलट्या, चक्कर, मान आखडलेली, उजवा कान आठवडाभर पाण्यात बुडाल्यासारखा बंद. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं ओल्या कापडानं त्यांचं तोंड पुसलं. कपाळ, भुवई, डोळा, नाकाची कड. आईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. काही झालं नाही. सिस्टर पुढच्या कॉटकडे गेली तरी त्यांनी डोळे उघडले नव्हते. मी घाबरून हाक मारली. "थांब जरा," त्या म्हणाल्या, "वाट बघतेय."

टेफ्लॉन म्हणजे न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच, हे नवऱ्यानं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या डोक्यात तवा घातला का रे?" तेव्हा कळलं की आई परत आल्या.

ऑपरेशनला आता दीड वर्ष होऊन गेलं. गोळ्या हळूहळू कमी करत पाचव्या महिन्यात बंद झाल्या. दुखणं परत येऊ शकतं हे आम्हाला माहीत आहे. आईंनाही माहीत आहे. गार वारं सुटलं की त्यांचा हात अजून आपोआप पदराकडे जातो, मग त्या तो खाली घेतात.

नातेवाइकांसाठी एवढंच: चेहऱ्याच्या एकाच बाजूला, सेकंदभराची, विजेसारखी कळ, आणि ती बोलताना, चावताना, वारा लागल्यावर किंवा नुसतं बोट लागल्यावर येत असेल, तर दाढ काढण्याआधी मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवा. दुसरं काही कारण नाही ना, हे एमआरआयमध्ये बघतात. ऑपरेशन प्रत्येकाला लागत नाही, पुष्कळांचं गोळ्यांवर भागतं.

आणि एक राहिलं. यंदाच्या संक्रांतीला हळदीकुंकवाची तयारी करताना मी धीर करून तो विषय काढला. म्हटलं, "आई, त्या वर्षी तुम्ही माझा हात झटकलात, मला वाटलं तुम्ही रुसलात. तुम्हाला एवढं दुखत होतं आणि मी मात्र..."

आई करंडा पुसत होत्या. म्हणाल्या, "रुसले पण होते की."

"का?"

"वाणाला स्टीलच्या वाट्या आण म्हटलं होतं. तू प्लॅस्टिकचे डबे आणलेस."

असो. यंदा वाट्या आणल्या होत्या.